मेनोर्कात किनारा निवडायचा तर आधी वारा बघा

स्पेनच्या पूर्वेला, भूमध्य समुद्रात बालेआरिक बेटं आहेत. त्यातलं मायोर्का सगळ्यांना ठाऊक असतं, इबिझा नाचगाण्यासाठी गाजलेलं आहे, आणि मेनोर्का बहुतेकांच्या यादीत तिसरं येतं. समुद्रकिनाऱ्यांसाठी जायचं असेल तर माझ्या मते ते पहिलं असायला हवं. बेटाची लांबी पन्नासेक किलोमीटर, मधून एकच मोठा रस्ता, आणि दोन्ही अंगांना कड्यांच्या खाचांमध्ये शिरलेल्या छोट्या छोट्या पुळणी. अशा खाचेला तिथे ‘काला’ म्हणतात. बेटाच्या नकाशावर दर दोन बोटांवर एखादी काला सापडते. १९९३ साली युनेस्कोने हे अख्खं बेट राखीव जीवावरण क्षेत्र म्हणून जाहीर केलं. त्यामुळे बऱ्याच कालांवर आजही हॉटेल नाही, दुकान नाही, काही ठिकाणी तर गाडीरस्ताही नाही.

अडचण इथेच सुरू होते. जागा खूप, दिवस चार. पहिल्यांदा जाणारा माणूस सहसा काय करतो, तर सर्वांत निळ्या पाण्याचे फोटो शोधतो, पाच नावं लिहून घेतो आणि कुठल्या दिवशी कुठे हे मुंबईत किंवा पुण्यात बसूनच ठरवून टाकतो. मग तिथे पोचल्यावर फोटोतल्या शांत निळ्या पाण्याच्या जागी मातकट लाटा आणि काठाला शेवाळासारखा ढीग दिसतो. तीच काला दुसऱ्या दिवशी काचेसारखी असते. फरक वाऱ्याचा असतो.

आधी आपल्या सवयी बाजूला ठेवा

कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या माणसाला समुद्र म्हटलं की पहिला प्रश्न सुचतो, भरती कधी आहे? मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. ओहोटीला हेच पाणी इतकं आत जातं की गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. मेनोर्कात हा हिशेब लागूच पडत नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद आहे आणि जिब्राल्टरच्या अरुंद तोंडातून अटलांटिकची भरती फारशी आत येत नाही. चढउतार वीसेक सेंटिमीटरचा. सकाळी टॉवेल जिथे अंथरला तिथेच संध्याकाळी गुंडाळायचा. खडकाला वळसा घालून गेलात आणि परतीची वाट पाण्याखाली गेली, असं भरतीमुळे होत नाही.

एक अपवाद मात्र सांगून ठेवतो, कारण तो विलक्षण आहे. पश्चिम टोकाच्या सिउतादेया शहराचं बंदर लांबट आणि अरुंद आहे. हवेच्या दाबात विशिष्ट प्रकारचे झपाट्याने बदल होत गेले की समुद्रात उठलेल्या लांब लाटा या बंदरात शिरून हेलकावू लागतात आणि काही मिनिटांत पाणी खाली जातं, मग उसळून वर येतं. तिथले लोक याला ‘रिसागा’ म्हणतात. १५ जून २००६ रोजी इथलं पाणी सुमारे चार मीटर खालीवर झालं आणि डझनावारी होड्या आपटून फुटल्या किंवा बुडाल्या. हवामान खातं आता रिसागाचा इशारा आधी देतं. पोहणाऱ्याला याची रोज भीती बाळगायचं कारण नाही, पण इशारा असेल त्या दिवशी त्या बंदराच्या धक्क्यावर पाय सोडून बसू नये.

पहिली पायरी: नकाशा आडवा कापा

पूर्वेचं माओ शहर (स्पॅनिशमध्ये माओन) आणि पश्चिमेचं सिउतादेया यांना जोडणारा मुख्य रस्ता हीच तुमची रेघ. रेघेच्या वरचा आणि खालचा भाग म्हणजे जवळजवळ दोन वेगळी बेटं आहेत. स्थानिक लोकांनी या दोन भागांना नावंही वाऱ्यांचीच दिली आहेत: उत्तरेचा त्रामुंताना, दक्षिणेचा मिजोर्न.

दक्षिण भाग चुनखडकाचा. पावसाच्या पाण्याने हा खडक कापत कापत समुद्रापर्यंत खोल घळी पाडल्या आहेत आणि घळ जिथे संपते तिथे काला. वाळू पांढरी, दोन्ही बाजूंना पांढरे कडे, कड्यांवर पाइनची झाडं अगदी पाण्यापर्यंत उतरलेली. पांढरी वाळू, उथळ तळ आणि अन्नद्रव्यं कमी असल्यामुळे जवळजवळ निवळशंख पाणी, या तिन्हींच्या मेळातून तो फोटोतला फिरोजी रंग येतो. माकारेया, माकारेयेता, तुर्केता, मिजाना ही सगळी गाजलेली नावं दक्षिणेची आहेत.

उत्तर भाग खूप जुन्या खडकांचा, आणि रंग बघाल तर गडद करडे, तांबडे, पिवळसर. वाळू जाडसर, काही ठिकाणी विटकरी. झाडं खुरटी आणि वाऱ्याने एका बाजूला वाकलेली. सावली जवळजवळ नाहीच. प्रेगोंदाच्या समोर पाण्यातून वर आलेले पिवळे-तांबडे सुळके बघितले की आपण कुठल्या तरी दुसऱ्याच ग्रहावर आलोय असं वाटतं. फोटोत उत्तर किनारा दक्षिणेइतका गोड दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा जाणारे तो वगळतात. वगळू नका. मला स्वतःला विचाराल तर एकच दिवस हातात असेल आणि वारा साथ देत असेल, तर मी उत्तरेलाच जाईन.

दुसरी पायरी: वारा बघा, मग ठरवा

आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी चहाच्या वेळी वाऱ्याचा अंदाज बघायचा. स्पेनच्या हवामान खात्याचं ‘आएमेत’ नावाचं संकेतस्थळ आहे, ‘विंडी’सारखी ॲप आहेत. दोनच गोष्टी वाचायच्या: वारा कुठून येतोय आणि किती वेगाने.

उत्तरेकडून येणारा वारा, म्हणजे तिथला त्रामुंताना, या बेटाचा मालक आहे. फ्रान्सच्या बाजूने सुटतो आणि मधे अडवायला काही नसल्यामुळे बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर थेट आदळतो. तो सुटला की उत्तरेच्या सगळ्या काला बाद, आणि दक्षिणेच्या कड्यांच्या आडोशाला पाणी सपाट. दक्षिणेचा वारा असेल तर उलटं: माकारेया, सोन बोऊ खवळलेले आणि उत्तरेला कावायेरिया, प्रेगोंदा शांत. पूर्वेचा वारा असेल तर सिउतादेयाच्या बाजूच्या छोट्या खाचा बऱ्या, जसं काला सान्तांद्रिया. पश्चिमेचा असेल तर माओच्या उत्तरेला असलेलं एस ग्राऊ. ईशान्येचा वारा वाहत असेल तर दक्षिण किनाऱ्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग धरावा.

वेगाचं गणित मी ढोबळ ठेवतो. ताशी पंधरा किलोमीटरच्या खाली वारा असेल तर कुठेही जा, अख्खं बेट तुमचं. पंचवीसच्या वर गेला की आडोशाची बाजू निवडायलाच हवी. चाळीसच्या वर असेल तर आडोशाच्या किनाऱ्यावरही वाळू उडून डोळ्यांत जाते. त्या दिवसासाठी काय करायचं ते शेवटी सांगितलं आहे.

यात दोन बारकावे आहेत. वारा थांबला म्हणजे लाटा लगेच थांबत नाहीत. दोन दिवस जोराचा दक्षिण वारा झाला असेल तर तिसऱ्या दिवशी झाडाचं पान हलत नसतं आणि तरी दक्षिणेचं पाणी ढवळलेलं असतं. म्हणून आजच्या वाऱ्याबरोबर कालचाही बघावा आणि ॲपमध्ये लाटांची उंची स्वतंत्र दिलेली असते तीही.

दुसरा बारकावा जिवाशी गाठ घालणारा आहे. त्रामुंतानाच्या दिवशी दक्षिणेच्या कालेत पाणी तळ्यासारखं दिसतं, कारण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो आणि लाटा उठायला काठाजवळ जागाच नसते. अशा वेळी पोराला हवा भरलेल्या गादीवर किंवा टायरवर सोडलं, तर कड्यांच्या आडोशातून बाहेर पडताक्षणी वारा त्याला उघड्या समुद्राकडे ढकलू लागतो. लाट नसते म्हणून कुणाला धोका जाणवत नाही. पायाला पट्टा बांधून घेतलेला पॅडलबोर्ड असला तरी कालेच्या तोंडापलीकडे जाऊ नये. फुगवलेल्या गाद्या या दिवशी घरीच ठेवाव्यात.

आणि वारा फारसा नसलेल्या उन्हाळी दिवसांचंही एक वेळापत्रक असतं. कोकणातले मच्छीमार ज्याला मतलई आणि खारा वारा म्हणतात तोच प्रकार: सकाळी जमिनीकडून मंद झुळूक, दुपारी समुद्राकडून वारा. म्हणून पाणी सर्वांत नितळ हवं असेल, तळाचे मासे बघायचे असतील, तर सकाळी दहाच्या आत पाण्यात उतरा.

तिसरी पायरी: बरोबर कोण आहे?

वाऱ्याने बाजू ठरली. आता त्या बाजूची नेमकी जागा. इथे सौंदर्यापेक्षा चालणं महत्त्वाचं, कारण गाडी लावून लगेच वाळूवर असं फार थोड्या ठिकाणी होतं.

आई-बाबा बरोबर असतील, त्यांचे गुडघे दुखत असतील, किंवा लहान मूल कडेवर असेल तर दक्षिणेला काला गाल्दाना बघा. नालेच्या आकाराची पुळण, तीन बाजूंनी उंच कडे, पाणी शांत, जीवरक्षक, स्वच्छतागृह, खाण्यापिण्याची सोय, आणि बस थेट येते. वर हॉटेलं आहेत, त्यातलं एक तर डोळ्यांत खुपणारं आहे, हे मान्य करून टाकायचं. उत्तरेच्या अंगाला तशीच सोय आरेनाल दे’न कास्तेल इथे आहे. एस ग्राऊमध्ये पाणी इतकं उथळ आहे की तीन-चार वर्षांची मुलं बराच वेळ खेळू शकतात. मागेच आल्बुफेरा नावाचं पाणथळीचं संरक्षित क्षेत्र आहे आणि तिथे पक्षी बघायला मिळतात. वाळू मात्र करडी आहे. फोटोसाठी जाणारे नाक मुरडतात, मुलांना काहीच फरक पडत नाही.

चालायची तयारी असेल तर गाल्दानाचाच उपयोग फाटक म्हणून करा. तिथून पूर्वेला वीस-पंचवीस मिनिटं चाललात की मिजाना. पश्चिमेला पायऱ्या चढून पाइनच्या बनातून साधारण चाळीस मिनिटांत माकारेया, आणि तिथून कड्याच्या कडेकडेने दहा मिनिटांवर तिची धाकटी बहीण माकारेयेता. वाट सावलीची आहे, चढउतार सोसवण्याजोगे आहेत, पण चपला घालून जाऊ नका. ही वाट कामी दे कावाल्सचा भाग आहे. म्हणजे अख्ख्या बेटाला वळसा घालणारा १८५ किलोमीटरचा जुना घोडेवाटेचा रस्ता. किनाऱ्यावर पहारा ठेवणारे घोडेस्वार यावरून फिरत. पुढे तो खासगी जमिनींमध्ये अडकला आणि लोकांच्या रेट्यामुळे २०१० साली पुन्हा पूर्ण खुला झाला. वाटेत ठराविक अंतरावर लाकडी खांब आहेत, चुकायला होत नाही.

प्रेगोंदासाठी बिनिमेलाच्या वाहनतळापासून अर्धा तास उघड्या उन्हात चालावं लागतं. अर्धा तास ऐकायला काहीच नाही, पण ऑगस्टमध्ये दुपारी दोनला तो फार मोठा होतो. कावायेरियाला वाहनतळ जवळ आहे आणि वरून लाकडी पायऱ्या उतरतात, त्यामुळे उत्तरेची चव घ्यायची पण फार चालायचं नाही अशांना ती बरी. तिथल्या कड्यांची लालसर माती पाण्यात कालवून अंगाला फासायची एक खुळी पद्धत पर्यटकांत रुजली आहे. कडे त्याने ढासळतात. करू नका.

त्रेबालुजेर, फुस्ताम, एस्कोर्शादा या दक्षिणेच्या कालांना गाडी जातच नाही. पायी किंवा होडीने. जोडीने किंवा चार मित्र मिळून गेलात आणि दिवसभराचं पाणी पाठीवर वाहून न्यायची तयारी असली, तर ऑगस्टमध्येही जरा एकांत मिळेल अशा याच जागा.

आपल्याकडच्या कुटुंबांना आधी माहीत असलेली बरी अशी एक गोष्ट. स्पेनमध्ये किनाऱ्यावर बायकांनी वरचा कपडा न घालणं सर्वसामान्य आहे, आणि माकारेयेतासारख्या आडवाटेच्या कालांवर काही लोक काहीच न घालता बसलेले असतात. कुणी कुणाकडे बघत नाही, तुम्हीही बघू नका. फोटो काढताना मागे कोण येतंय याचं भान ठेवा. सासूबाईंना घेऊन जाताना हे माहीत असलेलं बरं, इतकंच. उलट बाजूने, तुम्ही पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला किंवा टीशर्टवर पाण्यात उतरलात, तरी कुणी काही म्हणत नाही.

चौथी पायरी: पोचायचं कसं आणि किती वाजता

उन्हाळ्यात मेनोर्कात सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे गाडी लावायला जागा. कालांचे वाहनतळ मुद्दाम छोटे ठेवले आहेत. ते भरले की गाडी परत पाठवतात, दुसरीकडे रस्त्याच्या कडेला लावली तर दंड. मुख्य रस्त्यांवर वाहनतळ भरलाय की मोकळा आहे हे दाखवणारे फलक आहेत, ते बघितल्याशिवाय आत वळू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तुर्केता किंवा मिजानाचा वाहनतळ सकाळी फार लवकर भरतो.

माकारेयाचा रस्ता उन्हाळ्यात खासगी गाड्यांसाठी बंदच असतो. सिउतादेयाहून बस जाते आणि तिची जागा आधी आरक्षित करावी लागते. पूर्वेच्या फावारिच दीपगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यालाही उन्हाळ्यात तसाच नियम आहे. नियमांच्या तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, तेव्हा जाण्याच्या आठवड्यात बेटाच्या अधिकृत पर्यटन संकेतस्थळावर बघून घ्या.

यावर माझा उपाय सोपा आहे: दुपार सोडून द्या. जूनअखेरीस तिथे सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो. म्हणजे सकाळी साडेआठला जाऊन बाराला परतणारी एक पाळी आणि चारनंतर जाऊन नऊपर्यंत बसणारी दुसरी. बारा ते चार या वेळात ऊन सर्वांत कडक, गर्दी सर्वांत जास्त आणि वाहनतळ भरलेला. त्या वेळात घरी जेवून वामकुक्षी काढावी, स्पेनमध्ये असताना त्याची लाज वाटायचं कारण नाही.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर भारतातून निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या आणि मूळ परवानाही बरोबर ठेवा. वाहतूक उजव्या बाजूने चालते. स्वयंचलित गिअरची गाडी हवी असेल तर बरीच आधी राखून ठेवावी लागते. गाडी चालवायची नसेल तरी बेट बघून होतं. माओ, सिउतादेया आणि फेरेरिएसहून उन्हाळ्यात मोठ्या किनाऱ्यांना बस जातात. फक्त मुक्काम या तीन गावांपैकी एकात ठेवा. दोन्ही किनाऱ्यांना सारखंच जवळ राहायचं तर मधलं फेरेरिएस किंवा एस मेर्कादाल गाठा. समुद्र खिडकीतून दिसणार नाही, पण वारा फिरला की तुम्हीही फिरू शकता.

बेटावर येण्याचं म्हणाल तर बार्सेलोनाहून विमान तासाभराच्या आत माओला उतरवतं, किंवा बार्सेलोनाहून बोट पकडता येते. मायोर्काच्या आल्कुदियाहून सिउतादेयाला येणारी बोटही सोयीची. व्हिसा नेहमीचा शेंगेन.

महिना कुठला?

हे खरं तर सर्वांत आधी ठरतं, पण ते कळण्यासाठी वरचं सगळं वाचलेलं हवं. ऑगस्ट टाळा. गर्दी, भाव आणि ऊन, तिन्ही कळसाला. मुलांच्या सुट्टीमुळे मे महिना सोयीचा वाटतो, बेटही त्या वेळी हिरवं आणि फुलांनी भरलेलं असतं, पण पाणी सुमारे १८ अंशांचं. आपल्या अरबी समुद्राची सवय असलेल्याला ते घोट्यापर्यंत गेलं तरी हुडहुडी भरते. जूनच्या मध्यावर बावीसच्या आसपास येतं. सप्टेंबरमध्ये समुद्र उन्हाळाभराची ऊब धरून असतो, २४-२५ अंश, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरलेली. सप्टेंबरचा मध्य हे माझं उत्तर, अधूनमधून गडगडाटी पावसाची तयारी ठेवून. ऑक्टोबरअखेरीस बहुतेक हॉटेलं आणि किनाऱ्यावरची खानावळ दारं लावून घेतात.

२३ आणि २४ जूनला सिउतादेयात सांत जोआनचा सण असतो. गर्दीच्या मधोमध काळे घोडे मागच्या दोन पायांवर उभे केले जातात, अख्खं बेट लोटतं. तो बघायचाच असेल तर कित्येक महिने आधी खोली घ्या. किनाऱ्यांसाठी जात असाल तर ते दिवस चुकवा.

पाचवी पायरी: वाळूवर पाय ठेवण्याआधी

पोचलात की लगेच टॉवेल टाकू नका. आधी झेंडा बघा. हिरवा म्हणजे पोहा, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. जेलीफिशचं चित्र असलेला झेंडाही कधी दिसतो. आडवाटेच्या कालांवर झेंडा नसतो आणि जीवरक्षकही नसतो, तिथे तुमचा निर्णय तुमच्याकडे. किनाऱ्याला ‘निळा झेंडा’ मिळालाय ही गोष्ट मात्र वेगळी. तो स्वच्छता आणि सोयींचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे. त्यासाठी जीवरक्षक, स्वच्छतागृह वगैरे असावं लागतं, त्यामुळे सर्वांत सुंदर निर्जन कालांना तो मिळूच शकत नाही. निळा झेंडा नसणं हे वाईट लक्षण समजू नका.

मग काठावरचा तपकिरी ढीग. बघून अनेकजण ‘शी, किती घाण’ म्हणून परत फिरतात. ती पोसिडोनियाची वाळलेली पानं आहेत. पोसिडोनिया ही शेवाळ नसून समुद्राच्या तळाशी गवतासारखी वाढणारी, फुलं-फळं येणारी वनस्पती आहे, आणि तिची इथली जात फक्त भूमध्य समुद्रातच होते. पाण्यात जे गडद पट्टे दिसतात ती तिची कुरणं. तीच पाणी गाळते, माशांच्या पिल्लांना आसरा देते, आणि तिच्या पानांचे ढीग हिवाळ्याच्या वादळात पुळण वाहून जाऊ देत नाहीत. ढीग जुना झाला की वास येतो हे खरं. दहा पावलं बाजूला बसावं. बालेआरिक सरकारने २०१८ साली तिच्या संरक्षणासाठी खास कायदेशीर तरतूद केली. होडी भाड्याने घेतलीत तर नांगर फक्त फिकट वाळूवर टाकायचा, गडद पट्ट्यावर टाकलात तर दंड होतो.

जेलीफिशचा प्रश्न पुन्हा वाऱ्याशीच येऊन मिळतो. जांभळट रंगाची, ठिपक्यांची छोटी जेलीफिश इथे सापडते आणि तिचा डंख चांगलाच झोंबतो. समुद्राकडून किनाऱ्याकडे वारा असेल तेव्हा ती काठाला येते. त्यामुळे आडोशाची काला निवडलीत तर हा त्रासही बराचसा टळतो. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी ओतू नका, टॉवेलने चोळू नका. चिकटलेले धागे एखाद्या कार्डाच्या कडेने हलके काढा. श्वासाला त्रास झाला किंवा सूज पसरली तर ११२ क्रमांकावर फोन.

बसायची जागा निवडताना कड्याच्या अगदी पायथ्याची सावली मोहात पाडते. दक्षिणेचा चुनखडक ठिसूळ आहे आणि दगड सुटतात. पाइनखाली बसा, कड्याखाली नको. माकारेयाच्या कड्यांवरून पाण्यात उड्या मारणारी पोरं दिसतील. खाली खडक कुठे आहे ते त्यांना माहीत असतं, तुम्हाला नसतं.

बरोबर काय न्यायचं

माणशी दीड-दोन लिटर पाणी, कारण बहुतेक कालांवर विकत काही मिळत नाही. खडकांत समुद्री साळू असतात, त्यांचे काटे तळव्यात मोडतात, तेव्हा पाण्यात घालायचे रबरी बूट. पाण्याखाली बघायचा चष्मा आणि नळी. बेटावर कुठेही साध्यातली मिळते, आणि माझ्या मते छत्रीपेक्षा ती आधी घ्यावी, कारण मेनोर्काच्या कालांची निम्मी मजा पाण्याखाली आहे. उत्तरेला जात असाल तर मात्र छत्री हवीच. कचऱ्यासाठी पिशवी. वाळू किंवा दगड आठवण म्हणून उचलून आणू नका.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. एन्साइमादा नावाचा मऊसूत गोल गुंडाळीचा पाव सगळीकडे मिळतो आणि साखर भुरभुरवलेला तो अगदी निरुपद्रवी दिसतो. पारंपरिक कृतीत त्याला डुकराची चरबी लावतात. विचारून घ्या. माओच्या नावाने ओळखलं जाणारं गाईच्या दुधाचं चीज, टोमॅटो आणि पाव, वर ऑलिव्ह तेल, एवढ्यावर किनाऱ्यावरचं जेवण उत्तम होतं. आदल्या दिवशीच्या दशम्या आणि लसणाची चटणी असेल तर प्रश्नच मिटला. मासे खाणाऱ्यांनी उत्तरेच्या फोर्नेल्स गावी जावं, शेवंडीचा रस्सा हे तिथलं मिरवायचं पक्वान्न. भाव आधी विचारा, तो चांगलाच झोंबणारा असतो. अठराव्या शतकात इथे बराच काळ इंग्रजांचं राज्य होतं, त्यांच्यामागे राहिलेली जिन आजही माओत बनते आणि लिंबू सरबतात मिसळून ‘पोमादा’ या नावाने प्यायली जाते. गाडी चालवणाऱ्याने अर्थातच नुसतं सरबत.

दोन्ही किनारे बाद झाले तर

होतं असं. त्रामुंताना कधी कधी तीन-तीन दिवस राहतो. अशा दिवशी सिउतादेयाजवळ मुख्य रस्त्यालगत असलेली नावेता देस तुदोन्स बघायला जा. उलट्या ठेवलेल्या होडीसारखी, चुन्याशिवाय नुसत्या दगडांवर दगड रचून उभी केलेली तीनेक हजार वर्षांपूर्वीची दफनवास्तू. आत शंभराच्या आसपास माणसांचे अवशेष सापडले होते. अशा वास्तू बेटभर विखुरलेल्या आहेत आणि २०२३ साली त्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. सिउतादेयाच्याच बाहेर एस होस्तालच्या जुन्या दगडखाणी आहेत. खोल कापलेल्या पांढऱ्या भिंतींच्या आत उतरलं की वारा लागत नाही. माओचं बंदर पाचेक किलोमीटर आत शिरलेलं आहे, त्यातून होडीची फेरी निघते, आणि मधल्या इया देल रेई बेटावरच्या जुन्या नौदल रुग्णालयाच्या आवारात २०२१ पासून आधुनिक कलेचं दालन आहे. होडीच्या वेळा धक्क्यावरच लिहिलेल्या असतात, पण जोराच्या वाऱ्यात फेऱ्या रद्द होऊ शकतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा.